खाडीत फ्लेमिंगो बघायला जाताय? आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

थंडी सुरू झाली की व्हॉट्सॅपवर गुलाबी फोटो फिरायला लागतात आणि मग ऑफिसातले, सोसायटीतले, मामेभावाचे मित्र, सगळे एकच विचारतात, ते ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो बघायला कसं जायचं रे, तू जातोस ना. दरवेळी फोनवर तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाच नीट लिहितोय. जरा लांबलंय पण घाई असेल तर निदान भरती-ओहोटीवालं वाचा, बाकी सोडलं तरी चालेल.

आधी जागा समजून घ्या. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणजे ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्यामधला खाडीचा पट्टा. २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्रफळ साधारण १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त खारफुटीचं जंगल आणि उरलेलं पाणी. मालवणनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतही नाव आलं, आपल्या राज्यात नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर तिसरं. एका बाजूला मुलुंड-भांडुप-विक्रोळी, दुसऱ्या बाजूला ऐरोली-घणसोली, डोक्यावर हाय टेन्शनच्या तारा, मागे टॉवर, आणि मधे हे सगळं. जंगलात जातोय अशी कल्पना करून निघालात तर पहिली पाच मिनिटं वास आणि प्लास्टिक बघून मूड जाईल, ते आधीच सांगून ठेवतो.

आणि गंमत अशी की फ्लेमिंगो इथे येण्यात त्या घाण पाण्याचा हात आहे. शहराचं सांडपाणी खाडीत जातं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे चिखलावर निळं-हिरवं शेवाळ माजतं आणि छोट्या फ्लेमिंगोचं मुख्य खाणं तेच. नव्वदच्या दशकापासून ते मोठ्या संख्येने यायला लागले, आता चांगल्या सीझनला आकडा लाखावर जातो. याचा अर्थ घाण सोडत राहा असा नाही हां, कारण अती झालं की शेवाळही मरतं आणि मासेही, पण "एवढ्या घाणीत कसे काय येतात बिचारे" असं कोणी बोटीत म्हणालं तर त्याला हे सांगा.

कधी जायचं. पक्षी साधारण नोव्हेंबरच्या आसपास यायला लागतात, बरेचसे कच्छच्या रणाकडून आणि गुजरातच्या इतर भागातून, आणि पाऊस तोंडावर आला की परत जातात. कुठल्या वर्षी रणात पाणी जास्त टिकलं तर उशिरा येतात, मग डिसेंबरात गेलेली मंडळी "काही नाही रे तिथे" म्हणत परत येतात. माझ्या मते फेब्रुवारी ते एप्रिलचा मध्य हा सगळ्यात खात्रीचा काळ. मे महिन्यात पण भरपूर असतात, पण मेमध्ये खाडीवर दुपारी अकरानंतर उभं राहून बघा, पक्षी राहिले बाजूला, आपलंच भजं होतं. आणि पावसाळ्यात फ्लेमिंगोसाठी जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा. लोक काय करतात, रविवार बघतात, अलार्म लावतात, सकाळी सहाला पोचतात आणि समोर एकतर नुसतं पाणी किंवा अर्धा किलोमीटर चिखल आणि त्याच्या पलीकडे गुलाबी रेघ. मग फ्लेमिंगोला नावं ठेवतात. अहो, ते घड्याळावर चालत नाहीत, ते पाण्यावर चालतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते त्यावर पसरून खातात, भरती चढली की पाण्याबरोबर मागे मागे सरकत किनाऱ्याकडे येतात आणि पाणी पूर्ण भरलं की उडून जातात, सीवूड्सच्या डीपीएस तलावावर, टीएस चाणक्य ह्या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीत, भांडुपच्या बाजूच्या तळ्यांत, जिथे उथळ पाण्यात उभं राहता येईल तिथे. पाणी उतरलं की परत खाडीत. म्हणजे एकच थवा, पण सकाळी नऊला ऐरोलीत आणि बाराला नेरूळला.

फोनवर टाइड टेबलची, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारी ॲप्स आहेत, ती वापरा. पण कालनिर्णय भिंतीवर असेल तर ॲपशिवाय पण जमतं, कोळी लोकांचा जुना हिशोब आहे. त्या दिवसाची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती, मग दुपारी बाराच्या आसपास ओहोटी आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत-बाहेर परत भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराकडे झुकते. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, शिवाय खाडीत आतपर्यंत पाणी चढायला बंदरापेक्षा थोडा वेळ जास्त लागतो, तेवढं धरून चला. रोज भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे गेल्या रविवारी मित्राला आठ वाजता मस्त दिसले म्हणून तुम्ही ह्या रविवारी आठला गेलात तर बरोबर उलटं चित्र दिसणार.

उधाण आणि भांग पण बघा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. चढताना ते पक्ष्यांना अगदी काठापर्यंत ढकलतं म्हणून जवळून दिसतात, पण ओहोटीला तेवढेच लांब जातात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची हालचाल कमी, सगळा चिखल झाकला जात नाही, पक्षी विखुरलेले राहतात. काठावरून बघायचं असेल तर पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-तीन तास सगळ्यात भारी. बोटीने जायचं असेल तर पाणी अर्धं चढलेलं किंवा अर्धं उतरलेलं पाहिजे, कारण बोट चालायला पाणी हवं आणि पक्ष्यांना उभं राहायला चिखल हवा, दोन्ही एकदम तेव्हाच मिळतं. मी स्वतः पौर्णिमा-अमावस्येच्या जवळचा शनिवार-रविवार पकडतो, पाणी पहाटे उतरलेलं असतं आणि आठ-नऊच्या सुमारास बरोबर मधे येतं, ऊन पण सोसतं.

बोट कुठून. सगळ्यात सोपं म्हणजे ऐरोलीचं कोस्टल अँड मरीन बायोडायव्हर्सिटी सेंटर, कांदळवन (म्हणजे खारफुटी) प्रतिष्ठान चालवतं. ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोली स्टेशनला उतरायचं, बाहेर रिक्षा करायची आणि "फ्लेमिंगो सेंटर, खाडीकडे" सांगायचं, बहुतेक रिक्षावाल्यांना माहीत असतं. मुलुंडकडून येणाऱ्यांनी ऐरोली पूल ओलांडून यायचं. बुकिंग ऑनलाइन आधीच करा. स्लॉट भरती-ओहोटी बघूनच ठेवलेले असतात, त्यामुळे कधी सकाळी सातचा असेल, कधी दुपारी तीनचा, आणि सीझनमधले शनिवार-रविवार पटकन भरतात. तिकिटाचे दर आणि आठवड्याची सुट्टी कधी ते तिथेच बघून घ्या, इथे लिहिलं आणि बदललं तर शिव्या मला पडतील. भांडुप बाजूनेही बोटी जातात, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने, विशेषतः घरचे सगळे बरोबर असतील तर, ऐरोलीच धरावं. टॉयलेट आहे, सावली आहे, बोटीला उशीर असेल तर मुलांना दाखवायला आत प्रदर्शन आहे, खारफुटीतून चालायला वाट आहे.

फेरी तासाभराच्या आसपास असते. लाइफ जॅकेट देतात, ते घाला, फोटो खराब येतो म्हणून काढू नका. आजीला न्यायचं असेल तर न्या, पण जेट्टीवरून बोटीत उतरताना पाण्याच्या पातळीप्रमाणे पायरी वरखाली होते तेव्हा हात धरायला कोणीतरी लागतं. बोटीतले दादा बरेचदा आसपासच्या गावातले, खाडीवरच वाढलेले असतात, त्यांना नुसतं "भैया और पास लो" करू नका. त्यांच्याशी मराठीत दोन गोष्टी बोला, आज पाणी कसं आहे, थवा कुठल्या बाजूला आहे, पूर्वी इथे कुठली मासळी मिळायची, मग ते तुम्हाला जे दाखवतील ते कुठल्या पुस्तकात नाही. आणि जवळ जायचा आग्रह तर बिलकुल नको, त्याबद्दल पुढे सांगतो.

चालायला आवडत असेल तर भांडुप पंपिंग स्टेशन. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून खाडीकडे आत वळायचं, एका बाजूला मिठागरं, एका बाजूला खारफुटी, पुढे सांडपाणी प्रक्रियेची तळी. वास येतो, खरं सांगतो, पण मुंबईतल्या पक्षीवाल्यांची ही जुनी आवडती जागा आहे आणि नुसत्या फ्लेमिंगोपेक्षा इथे पक्ष्यांचे प्रकार जास्त दिसतात. आत जायला परवानगी, ओळखपत्र, नोंद हे सगळं लागू शकतं, नियम अधूनमधून बदलतात, म्हणून आधी चौकशी करून जा, गेटवर हुज्जत घालू नका, त्या वॉचमनच्या हातात काही नसतं. शक्यतो तिघं-चौघं मिळून जा, रस्ता सुनसान आहे. गाडी नेली तर हळू चालवा आणि काच खाली ठेवा, गाडीला पक्षी कमी घाबरतात, माणूस दार उघडून उतरला की लगेच उडतात. म्हणजे आधी गाडीतूनच बघायचं, मग सावकाश उतरायचं.

शिवडी अजून आहे का असं पण विचारतात. आहे. हार्बरचं शिवडी स्टेशन, तिथून किल्ल्याच्या बाजूने जेट्टीकडे. अभयारण्याच्या हद्दीत नाही ते, पण मुंबईकरांनी फ्लेमिंगो पहिल्यांदा पाहिले ते तिथेच. आता नवी मुंबईकडे जाणारा सागरी पूल, अटल सेतू, तिथूनच सुरू होतो त्यामुळे नजारा बदललाय, तरी बरोबर भरती पकडली तर फुकटात आणि ट्रेनच्या तिकिटात फ्लेमिंगो दिसतात. ट्रक आणि धूळ भरपूर, चप्पल घालून जाऊ नका. नवी मुंबईवाल्यांना तर सीवूड्स स्टेशनला उतरून भर भरतीला डीपीएस तलावावर गेलं की झालं, तिथे उलटा हिशोब, खाडीत पाणी पूर्ण भरलेलं असेल तेव्हा जायचं.

फोटोवाल्यांसाठी एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. खाडी साधारण उत्तर-दक्षिण आहे. ऐरोली पूर्वेच्या काठाला, म्हणजे तिथून सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे आणि ऊन पक्ष्यांवर, गुलाबी रंग खुलतो. भांडुप आणि शिवडी पश्चिमेच्या काठाला, तिथे सकाळी सूर्य समोर, सगळे पक्षी काळे ठिपके येतात, त्यामुळे तिथे दुपारनंतर जा. म्हणजे तिथी आणि काठ दोन्ही जुळवा: सकाळी चढती भरती असेल तर ऐरोली, संध्याकाळी असेल तर शिवडी. बोट हलते म्हणून शटर स्पीड हजाराच्या वर ठेवा. मोबाइलने फ्लेमिंगोचा क्लोजअप येत नाही, झूम करून मातीचे गोळे येतात, त्यापेक्षा व्हिडिओ काढा किंवा सरळ खिशात ठेवा. ड्रोन तर अजिबात नाही, अभयारण्यात बंदी आहे आणि थवा ड्रोनला घार समजून उठतो.

कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण घ्या असं माझं मत. आठ बाय बेचाळीसची (आठपट जवळ दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) पुरते. दहाच्या वर झूम असलेली बोटीत हातात स्थिर राहत नाही. विकत नसेल घ्यायची तर कोणाची तरी मागून न्या, पण न्याच. नुसत्या डोळ्यांनी फ्लेमिंगो म्हणजे गुलाबी पट्टा, दुर्बिणीतून त्याची चोच उलटी करून पाण्यात फिरवण्याची पद्धत, पायाने चिखल ढवळणं, एकमेकांना टोचून हाकलणं, सगळं दिसतं आणि तिथेच खरी मजा आहे.

बघायचं काय ते थोडं सांगतो. फ्लेमिंगो दोन प्रकारचे. छोटा जास्त गुलाबी, चोच गडद लाल-काळपट, लांबून ती काळीच वाटते. मोठा उंच, अंगाने जवळजवळ पांढरा, चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं, उडाला की पंखातला लाल रंग एकदम चमकतो. खाडीत संख्येने छोटाच जास्त. मधे मधे मळकट राखाडी पक्षी दिसतील, ते आजारी नाहीत, पिल्लं आहेत, गुलाबी रंग शेवाळातल्या रंगद्रव्यांमुळे यायला त्यांना काही वर्षं लागतात. मोठा शेवाळावर नाही जगत, चिखलातले किडे, छोटे शिंपले-कोळंबी गाळून खातो, म्हणून दोघं एकाच चिखलावर भांडण न करता उभे राहू शकतात.

पण फक्त गुलाबी रंगाच्या मागे लागून बाकीचं सोडू नका राव. लांब लाल पायांचे शेकाटे, वर वळलेल्या चोचीचा उचाट्या, चमच्यासारख्या चोचीचा चमचा, शराटी, चित्रबलाक, राखी बगळा, खंड्या, पाणकावळे. थंडीत थापट्या आणि तलवार बदकं. चिखलावर उंदरासारखे पळणारे बारके पक्षी दिसतील, ते टिलवे आणि तुतवार, त्यातले टिलवे तर पार आर्क्टिकच्या बाजूहून येतात. एप्रिलमध्ये परत जायच्या आधी ह्यांच्यातल्या काहींचा रंग बदलतो, कर्ल्यू सँडपायपर विटकरी लाल होतो, म्हणून जुने पक्षीवाले फ्लेमिंगोला पाठ करून ह्यांच्याकडे बघत बसलेले दिसतील. अचानक सगळा चिखल एकदम उडाला तर वर बघा, वर कुठेतरी शिकारी पक्षी असणार, खाडीवर मार्श हॅरिअर नेहमी फिरतो.

खारफुटी बघा. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर येतात, ओहोटीला हवा घेतात. पानाच्या मागच्या बाजूला मीठ असतं, झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. पांढरी चिप्पी पण दिसेल, २०२० मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवन वृक्ष केलं. काठाच्या चिखलात निवटे उड्या मारतात, मुलांना फ्लेमिंगोपेक्षा तेच जास्त आवडतात, एक लहान मुलगा पूर्ण बोटीला ओरडून "मासा चालतोय मासा चालतोय" करत होता आणि त्याची आई त्याला फ्लेमिंगोकडे बघ म्हणून दटावत होती, मी म्हटलं बघू दे की त्याला. एक नांगी वर करून हलवणारे फिडलर खेकडे. आणि नशीब जोरावर असेल तर कोल्हा. हो, मुंबईत, खारफुटीत सोनेरी कोल्हे आहेत, विक्रोळी-चेंबूरकडे पण लोकांना दिसलेत. दिसला तर आरडाओरडा नको, खायला तर मुळीच टाकू नका.

आता वागायचं कसं. कायदा सोपा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, अभयारण्यात प्राण्याला त्रास देणं हा गुन्हा. पण दंडाच्या भीतीपेक्षा कारण समजून घ्या. पक्ष्याला खायला मिळतात ते ओहोटीचे मोजके तास. तेवढ्यात त्याला पोट भरून चरबी साठवायची असते, पुढे शेकडो किलोमीटर उडायचं असतं. तुम्ही "उडतानाचा शॉट" मिळावा म्हणून टाळ्या वाजवल्या, शिट्टी मारली, दगड फेकला की अख्खा थवा उडतो, पुन्हा बसायला जागा शोधतो, तो वेळ आणि ती ताकद गेली. आणि काही बोटी हे मुद्दाम करतात, गिऱ्हाईक खूश होतं म्हणून. तुमच्या बोटीत कोणी सांगितलं की "उडवून दाखवा", तर शांतपणे नको म्हणा, बरोबरचे दोघंतिघं तरी तुमच्या बाजूने बोलतात, अनुभव आहे.

किती जवळ जायचं याचं माप पक्षीच देतात. खात असलेले पक्षी मान खाली घालून असतात. आधी काही माना वर येतात, मग सगळ्याच वर, मग थवा एका दिशेने चालायला लागतो. माना वर आल्या तिथेच थांबायचं, चालायला लागले म्हणजे आपण आधीच जास्त जवळ आलोय, मागे व्हायचं. इंजिन बंद करून दहा मिनिटं गप्प बसलात तर बरेचदा तेच सरकत सरकत जवळ येतात.

चिखलात उतरायचं नाही. वरून कडक दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जातो, आणि भरती चढायला लागली की ती वाट बघत नाही. सेल्फीसाठी खारफुटीच्या मुळांवर चढू नका, मोडतात आणि कालवं घासून पाय कापतो ते वेगळंच.

कपडे मळकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, टोपी. पांढरा आणि भडक पिवळा टाळा. बूट असे की चिखल लागला तरी दुःख होणार नाही. पाणी घरून बाटलीत, डबा पण घरूनच, प्लास्टिकच्या पिशव्या-वेफर्सची पाकिटं खाडीत उडून जातात. संध्याकाळी डास भयंकर, ओडोमॉस लावून जा. बोटीत सनस्क्रीन हवंच, पाण्यावरून ऊन परत मारतं. पोटाची सोय परत येताना ठाण्यात मामलेदारची मिसळ खाऊन करा, खाडीवर काही मिळत नाही आणि मिळूही नये.

शेवटचं एक, विशेषतः खाडीजवळ राहणाऱ्यांसाठी. फ्लेमिंगो रात्री पण जागा बदलतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या बाजूला रात्री विमानाला धडकून सुमारे ४० फ्लेमिंगो मेले, तेव्हा लोकांना कळलं की हे पक्षी आपल्या डोक्यावरून रात्री जातात. तारांना, काचांना आपटून जखमी झालेला फ्लेमिंगो सोसायटीच्या गच्चीवर, पार्किंगमध्ये मिळू शकतो. असा पक्षी सापडला तर लहान मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, खायला देऊ नका, पाय लांब आणि नाजूक असतात म्हणून पायाला धरून उचलू नका. चादर अंगावर टाकून अंधाऱ्या शांत जागी मोठ्या खोक्यात ठेवा, खोक्याला भोकं पाडा, आणि वन विभागाच्या हेल्पलाइनला फोन करा, १९२६, टोल फ्री आहे. फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी तो फोन करा.